लेप्याचे डोळे कुठल्या अंगाला?

"दुबईत काय करायचात?" असं गावात कुणी विचारलं, की मी "चौकटी करायचो" असं सांगतो. समोरचा बहुधा विचारतो, "दाराच्या?" मग सांगावं लागतं, की चित्रांच्या. त्याचा चेहरा किंचित उतरतो. आखातातून परतलेल्या माणसाकडे तेलाच्या विहिरींच्या किंवा गगनचुंबी इमारतींच्या गोष्टी असाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे आहेत त्या काचेच्या, कागदाच्या आणि खळीच्या. त्यांतली एक आज लिहितो आहे. ती सांगताना मला बरंच कबूल करावं लागणार आहे. पण ती माझ्या कामाच्या एकवीस वर्षांतली सर्वांत मोठी जीतही आहे, म्हणून धीर करतो.

दुकान सत्वा भागात होतं. मालक हरेशसेठ, सिंधी, मनाने उदार आणि जिभेने तिखट. चौकटीचं काम बाहेरून फार सोपं दिसतं: चार पट्ट्या, एक काच, मागे पुठ्ठा. खरं काम त्या काचेच्या आणि पुठ्ठ्याच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटरांत असतं. कागद काचेला टेकता कामा नये. टेकला तर दमट हवेत चिकटतो. कागद मागच्या पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवायचा नसतो. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या लावून तो टांगायचा, म्हणजे त्याला श्वास घेता येतो. बिजागरी गव्हाच्या खळीने लावायची, कारण उद्या कुणाला ती सोडवायची असेल तर थोड्याशा ओलाव्याने सुटली पाहिजे. माझ्या मुंबईच्या उस्तादांनी सांगितलेलं एक वाक्य मी आयुष्यभर पाळलं: आपण केलेलं प्रत्येक काम दुसऱ्याला उलगडता आलं पाहिजे. ते मला पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बहुतेक जण पदव्या, लग्नाचे फोटो, सुलेखनात लिहिलेल्या कुराणातल्या आयती घेऊन यायचे. एक पेशावरी टॅक्सीवाला स्वतःचं मुदत संपलेलं लायसन्स सोनेरी चौकटीत बसवून घेऊन गेला. चोवीस वर्षांत एकही अपघात नाही, म्हणून. एका इंग्रज बाईंना मेलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यासाठी चौकट हवी होती. मापं घेताना त्या रडल्या आणि मापं घेऊन झाल्यावर दराबाबत अर्धा तास भांडल्या. अशा लोकांत दिवस मजेत जायचे.

आता पहिली कबुली. मी मालवणचा. वडील रापणीवर होते. समुद्रात जाळं टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढतात, ती रापण. आई पाटी घेऊन बाजारात बसायची. मी तिच्या मांडीशी बसून बांगडे-तारले निवडत लहानाचा मोठा झालो. पण सत्व्यातल्या आमच्या सामायिक खोलीत पहिल्या संध्याकाळी कुलकर्णी नावाच्या पुण्याच्या ड्राफ्ट्समनने चहा ओतता ओतता विचारलं, "वडील काय करतात?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला तो "शिपिंगमध्ये आहेत."

कुलकर्णी म्हणाला, "अरे वा! कुठली लाइन?"

मी म्हटलं, "कोस्टल."

तांत्रिकदृष्ट्या यात खोटं काही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण एका खोट्याला सांभाळायला रोज थोडं थोडं खोटं लागतं. खोलीत मासे शिजायचे, तेव्हा मी "मला फारसं आवडत नाही" म्हणायचो. कुणी बाजारात मासे निवडायला बोलावलं, तर "मला त्यातलं कळत नाही" म्हणायचो. हळूहळू खरंच कळेनासं झालं की काय, असं वाटण्याइतकी मी ती सवय मुरवली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एक दिवस रास अल खैमाहून बु राशिद, म्हणजे राशिदचे वडील, दुकानात आले; तिकडे थोरल्या मुलाच्या नावानेच बापाला हाक मारतात. साठीचे, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात माळ. तरुणपणी त्यांनी लाकडी जहाजांवरून मुंबईच्या फेऱ्या केल्या होत्या, म्हणून त्यांची हिंदी थेट भाऊच्या धक्क्यावरची होती. आता त्यांची मासेमारीच्या बोटींना लागणाऱ्या इंजिनांची एजन्सी होती. इंजिनं जपानची. करार झाला त्या दिवशी जपानी कंपनीच्या ओकानो नावाच्या वयस्कर अधिकाऱ्याने स्वतःच्या घरातलं एक जुनं चित्र त्यांना भेट दिलं होतं. लाकडी ठशांनी छापलेलं. त्यावर मासा होता.

या छापांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. जपानमध्ये एके काळी चित्रकार, ठसे कोरणारा आणि छापणारा, असे तिघे मिळून एक चित्र करत. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ठशावर रंग लावायचा, त्यावर किंचित ओला कागद अंथरायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने पाठीवरून गोल गोल घासायचं. कागद इतका पातळ आणि रंग इतका खोल शिरणारा, की चित्र पाठीवरही उमटतं. अर्थात उलटं, आरशात दिसावं तसं. मासे हा या चित्रकारांचा आवडीचा विषय. पाण्यात पोहणारे मासे नव्हेत. बाजारातून आणून स्वयंपाकघरात ठेवावेत तसे आडवे, ताजे, शेजारी एखादी डहाळी आणि कोपऱ्यात दोन-तीन ओळींची कविता. ही सगळी माहिती मी नंतर मिळवली. त्या दिवशी मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

बु राशिदांनी आणलेली पुठ्ठ्याची घडी मी उघडली. आतल्या पातळ कागदातून चित्र काढलं. एक बाजू फिकी होती, राखाडी-पिवळट. दुसऱ्या बाजूला मासा तपकिरी-तांबूस, शेपटीशी आल्याचं कोवळं हिरवं पान, वर कवितेची अक्षरं. मी विचार केला नाही. फिकी ती पाठ, रंगीत ती पुढची बाजू. अक्षरं उलटी आहेत की सुलटी, हे जपानी न येणाऱ्याला कसं कळणार? मला तर ती दोन्हीकडून सारखीच परकी वाटली.

पण मासा परका नव्हता. तो चपटा मासा होता, आमच्याकडच्या लेप्याच्या जातीतला. त्याच्याकडे मी पुन्हा पाहिलं. एखाद्या ओळखीच्या माणसाने केसांचा भांग दुसऱ्या बाजूला पाडावा, तसं काहीतरी वाटलं. नेमकं काय, ते डोक्यात आलं नाही. किंवा मी येऊ दिलं नाही.

हरेशसेठनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "अरे, तू तो समुंदरवाला है. ये मछली कौन सी है? ठीक है ना?"

बु राशिद माझ्याकडे पाहत होते. कुलकर्णी दुकानाच्या दारात माझी वाट बघत उभा होता. आम्ही जेवायला जाणार होतो.

मी म्हणालो, "मुझे मछली का कुछ मालूम नहीं, सेठ."

चौकट उत्तम झाली. साधं काळं लाकूड, चित्राभोवती हस्तिदंती पुठ्ठ्याचा माउंट. बिजागऱ्या गव्हाच्या खळीने, अगदी उस्तादांच्या पद्धतीने. बु राशिद खूश होऊन घेऊन गेले.

सहा वर्षं गेली. माझी पत्नी आणि मुलगी आल्या, आम्ही शारजात भाड्याने घर घेतलं. मुलगी सात वर्षांची झाली. तिच्या शाळेत कुटुंबाचा वृक्ष काढून न्यायचा होता, तेव्हा तिने आजोबांच्या नावाखाली सुंदर अक्षरांत 'शिपिंग' लिहिलं. मी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. पत्नीनेही पाहिलं. ती माझ्याच गावची. तिने फक्त भुवई उंचावली.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, बु राशिदांच्या कचेरीतून दुकानात फोन आला. पुढच्या बुधवारी जपानहून ओकानोसान, म्हणजे ओकानोसाहेब, येत आहेत, बहुधा निवृत्तीपूर्वीची शेवटची फेरी. मजलिशीतल्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतल्या, सगळ्या चौकटी पुसून, काचा चकचकीत करून द्या. हरेशसेठनी मला शनिवारी जायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पत्नी आणि मुलीसोबत शारजाच्या मासळी बाजारात गेलो. पत्नी पापलेटांच्या भावावरून घासाघीस करत होती. मुलगी बर्फावर पसरलेल्या लेप्यांकडे टक लावून पाहत होती.

"पप्पा, व्हाय आर बोथ हिज आइज ऑन वन साइड?"

तिने नेमका माझ्या ओळखीचा प्रश्न विचारला होता, आणि मला राहवलं नाही. मी लेपा उचलला. बोटांना तो कसा धरायचा ते आठवत होतं. "हे बघ, लहान असताना याचे डोळे दोन बाजूंना असतात. मोठा होताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला येतो. मग हा आयुष्यभर एका अंगावर झोपून राहतो. डोळे वर, आंधळी बाजू वाळूत. आता पोट आपल्याकडे कर. तोंड कुठे आलं?"

"लेफ्ट."

"नेहमी डावीकडेच येणार. आजी पाटीत असेच लावायची, सगळ्यांची तोंडं एकीकडे..."

मी थांबलो. मागून पत्नीचा आवाज आला. "सांगा की, सांगा, शिपिंगवाले! थांबलात का?"

मी थांबलो होतो, कारण मला रास अल खैमाच्या भिंतीवरचा मासा दिसत होता. पोट आपल्याकडे. तोंड उजवीकडे.

शनिवारी दुकान उघडताच मी जुन्या नोंदींची फाइल काढली. चौकट करण्याआधी आम्ही प्रत्येक वस्तूचा फोटो घ्यायचो. बु राशिदांचं चित्र ज्यात आलं होतं, तो पुठ्ठाही जपून ठेवलेला होता. त्यावर चित्रकाराचाच लाल शिक्का छापलेला होता. फोटोतल्या चित्राच्या कोपऱ्यातही तोच शिक्का. दोन्ही शेजारी ठेवले. जुळेनात. मग दाढीचा छोटा आरसा आणून फोटोशेजारी उभा धरला. आरशातला शिक्का पुठ्ठ्यावरच्या शिक्क्याशी रेघ न् रेघ जुळला.

सहा वर्षं मी त्या माणसाच्या घरात चित्राची पाठ टांगून ठेवली होती. जी बाजू मला फिकी म्हणून पाठ वाटली, तीच पुढची होती. ओकानोंच्या घरात अनेक वर्षं उजेडात राहिल्याने तिचे रंग उडाले होते. जी रंगीत वाटली ती पाठ. अंधारात राहिल्यामुळे ताजी. आणि आता चार दिवसांनी चित्र देणारा माणूस त्याच मजलिशीत बसून ते पाहणार होता. अक्षरं उलटी आहेत, हे त्याला दारातूनच कळलं असतं. बु राशिदांची त्याच्यासमोर काय शोभा झाली असती, हे सांगायला नको.

हरेशसेठनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग लगेच व्यवहारात शिरले. "सुन. बोल, अंदर धूल गई है, दुकान ले जाना पड़ेगा. इधर ला, पलट दे, वापस टांग दे. खलास. किसी को बोलने का नहीं. दुकान का नाम है, तेरा वीजा है, सोच ले."

मला ते पटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण पटलं. वाटेत मी वाक्य पाठ करत गेलो: अंदर धूल गई है, साहेब, दुकान ले जाना पड़ेगा.

बु राशिदांनी मजलिशीत कॉफीचे छोटे कप पुढे केले. चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध होतं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"धूल?" ते उठून चित्रापाशी गेले, नाक जवळजवळ काचेला लावलं. "किधर है धूल? हमको तो नहीं दिखता. इधर ही साफ करो, हमारे सामने. बुध को मेहमान आता है. ये दीवार से उतरेगा नहीं."

मग खुणेने मला बसायला सांगून ते समोर बसले आणि वाट पाहू लागले. कसल्याही संशयाने नव्हे. त्यांना खरोखर काम पाहायचं होतं. मी कॉफीचा कप खाली ठेवला. पुढचं वाक्य कुठून आलं, मला माहीत नाही. सहा वर्षं, किंवा त्याहून जास्त, ते आत कुठेतरी बसलेलं असावं.

"साहेब, मेरे बाप मच्छीमार थे."

त्यांनी माळ थांबवली. "अच्छा?"

"माँ बाजार में मछली बेचती थी. आज भी बेचती है. मुझे पहले दिन ही लगा था कि ये मछली उल्टी है. मैंने बोला, मुझे मछली का कुछ मालूम नहीं. झूठ बोला. आपका चित्र मैंने उल्टा लगाया है. ये उसकी पीठ है."

ते उठून पुन्हा चित्रापुढे उभे राहिले. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललं. मग वळले.

"तुम मच्छीवाले का बेटा है. तो छे साल चुप कायको बैठा?"

"शरम, साहेब."

"किसका शरम?"

  मी मान खाली घातली. आणि मग मला एक विचित्र आवाज ऐकू आला. बु राशिद हसत होते. हसता हसता गादीवर बसले.

"हमारा अम्मा," ते म्हणाले, "दो साल पहले अल्ला को प्यारा हुआ. आँख से कम दिखता था. रोज इधर बैठता और बोलता, राशिद का बाप, ये लिसान उल्टा है." लिसान म्हणजे जीभ; त्यांच्याकडे लेप्याला हेच नाव. "हम बोलता, अम्मा, ये जापान का है. जापान में मच्छी ऐसाच होता है. हमारा बाप भी मच्छीवाला, हबीबी. हम भी देखा. रोज देखा. और सोचा, इतना बड़ा कंपनी, इतना पढ़ा-लिखा लोग, वो गलत कैसा होएगा? हमारा अम्मा ही बूढ़ा हो गया."

दोन कोळ्यांची मुलं सहा वर्षं एकाच माशाकडे पाहत होती. दोघांनाही दिसत होतं, आणि दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता. त्या घरात एकच माणूस बरोबर होतं, आणि त्या आजींना ते कळायला आता उशीर झाला होता. हसणं ओसरल्यावर बु राशिदांनी स्वतः चित्र भिंतीवरून उतरवलं. मग म्हणाले, "यल्ला. खोलो. इधर ही."

गालिच्यावर पांढरी चादर अंथरली. मी चौकट उघडली. इथे माझ्या चुकीचा सगळ्यात भयंकर भाग समोर आला: चित्र उलटं टांगलेलं असल्यामुळे माझ्या दोन्ही बिजागऱ्या चित्राच्या खऱ्या चेहऱ्यावर, वरच्या कडेला चिकटलेल्या होत्या. घाईने ओढल्या असत्या तर दीडशे वर्षांचा कागद त्यांच्यासोबत सोलून आला असता. मी टीपकागदाचे दोन तुकडे ओले केले, पिळले, बिजागऱ्यांवर ठेवले आणि घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. बु राशिद माझ्याशेजारी गालिच्यावर मांडी घालून बसले होते, एखाद्याचं ऑपरेशन चालू असावं तसे.

"निकलेगा?"

"इन्शाल्ला."

खळ सुटली. दोन्ही बिजागऱ्या बोटाच्या हलक्या स्पर्शाने निघाल्या. मागे डागसुद्धा राहिला नाही. त्या क्षणी मी मनातल्या मनात उस्तादांना नमस्कार केला. इतक्या मोठ्या चुकीत तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली होती, आणि तिनेच बाकीचं वाचवलं.

चित्र पलटलं. मासा आता डावीकडे पाहत होता. पण बु राशिदांचा चेहरा पडला. पुढची बाजू फिकी होती. आल्याचं पान तर जवळजवळ दिसतच नव्हतं.

"ये तो धुल गया," ते हळूच म्हणाले. "वो समझेगा, हमने संभाला नहीं."

 चित्र खिडकीपाशी न्यायला म्हणून मी दोन्ही हातांवर आडवं उचललं आणि वळलो. खिडकीतला उजेड कागदावर एका बाजूने, तिरका पडला. आणि मासा उठला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. प्रत्येक खवला वर आला. छापणाऱ्याने शेवटचा एक ठसा रंगाशिवाय, नुसत्या दाबाने उमटवला होता. वर अभ्रकाची बारीक पूड. समोरून पाहताना त्यातलं काहीच दिसत नाही. तिरक्या उजेडात मासा ओला, जड, आत्ताच पाण्याबाहेर काढलेला दिसत होता. रंग उडाले होते. दाब तसाच होता. माझी आई मासा विकत घेणाऱ्यांना नेहमी सांगायची, की उन्हात तिरका धरून बघा, मग ताजेपणा कळेल. मी चित्राला तेवढीही संधी दिली नव्हती.

"दीवार बदलनी पड़ेगी, साहेब," मी म्हणालो. "खिड़की के सामने नहीं, खिड़की के बाजू में."

"जो बोलेगा वो करेगा," बु राशिद डोळे पुसत म्हणाले. "और बुध को तुम भी आएगा. इस बार उल्टा निकला तो तुमको ही पकड़ेगा."

बुधवारी मी कोपऱ्यात उभा होतो. सोबत हरेशसेठ, त्यांनी मी सगळं कबूल केल्याचं ऐकून तीन दिवस अबोला धरला होता आणि बुधवारी सकाळी "मैं भी चलता हूँ, तू अकेला मरेगा क्या" म्हणून गाडीत बसले होते. ओकानोसान लहानखुरे, सत्तरीकडे झुकलेले. मजलिशीत येताच त्यांची नजर खिडकीशेजारच्या भिंतीवर गेली. ते चित्रासमोर उभे राहिले नाहीत. दोन पावलं बाजूला सरकले, गुडघे किंचित वाकवले आणि कागदाच्या कडेने पाहिलं. 

मग हळू इंग्रजीत म्हणाले, की त्यांच्या आजोबांच्या घरी हे चित्र असंच खिडकीशेजारी असायचं. भेट देताना ते सांगायचं राहून गेलं होतं, आणि नंतर त्यांना त्याची चुटपुट लागून राहिली होती. "तुम्हाला कसं कळलं?"

इथे बु राशिदांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं आणि सगळी गोष्ट सांगितली: सहा वर्षं पाठ, अम्मांची तक्रार, माझ्या वडिलांची रापण, शारजाचा बाजार. सांगताना ते हातांनी लेपा करून दाखवत होते. मी जमिनीकडे पाहत होतो. ओकानोसानांनी चष्मा काढला. ते इतके हसत होते, की त्यांना काचा पुसाव्या लागल्या.

"छापणारा माणूस," ते शेवटी म्हणाले, "कागद ठशावर ठेवतो आणि पाठीवरून घासतो. त्या वेळी त्याला दिसते ती फक्त पाठ. सहा वर्षं तुमच्या घरात चित्र त्याच्या नजरेने टांगलेलं होतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगाल?"

परतताना वाटेतल्या उम्म अल क्वैन गावी हरेशसेठनी चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाले, "ऊपर का कमरा खाली करवाता हूँ. कागज का काम तू उधर करेगा. मैं बोर्ड लगाऊँगा." बोर्ड लागला. जपानी, इराणी, हिंदुस्थानी जुने कागद वर येऊ लागले. सेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "ये हमारा कागज का डॉक्टर. बाप मछुआरा था, इसलिए आँख तेज है." मी पुढची बारा वर्षं त्या खोलीत काम केलं. कुठलीही गोष्ट टांगण्यापूर्वी ती तिरकी धरून पाहिली.

दोन गोष्टी खरेपणासाठी सांगायला हव्यात. पहिली: सगळ्याच चपट्या माशांचे डोळे डाव्या अंगाला नसतात, उजव्या अंगाला असलेलेही असतात, आमच्या समुद्रातसुद्धा. म्हणजे शुक्रवारच्या बाजारातलं माझं तर्कशास्त्र अर्धवटच होतं. मी बरोबर ठरलो, ते काही अंशी नशिबाने. दुसरी: पाठीवरचे जे रंग अंधारात इतकी वर्षं टिकले होते, ते माझ्या सहा वर्षांत उजेडात राहून मंद झाले. ते परत येणार नाहीत. त्याची खंत आहे आणि असायला हवी.

त्या बुधवारी घरी आलो, तर मुलगी अभ्यास करत होती. मी तिला कुटुंबाचा तो वृक्ष दप्तरातून काढायला सांगितलं आणि 'शिपिंग' खोडायला लावलं.

"सो ही वॉज अ फिशरमन?" तिने पेन्सिल थांबवून विचारलं. "पप्पा, दॅट इज सो मच बेटर! व्हाय डिडन्ट यू से?"

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "कोस्टल लाइन होती गं त्यांची."

त्या वर्षी सुटीत गावी आलो, तेव्हा जुन्या फाइलमधला तो फोटो सोबत होता. उलट्या चित्राचा. आई मागच्या पडवीत मासे कापत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी काहीही न सांगता फोटो तिच्यासमोर धरला आणि फक्त ओकानोसानांचा नमस्कार सांगितला. तिने हात पुसले, फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला. तिला चार अक्षरंसुद्धा वाचता येत नव्हती. तिला पाहायला एक श्वास पुरला.

"ह्यो लेपो उलटो रे. कोणी केल्यान?"

"मियाच, आये."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तीस-बत्तीस वर्षांचा बाप्या, दुबईचा. तिच्यापुढे पुन्हा पाटीशी बसलेला.

"मगे? सुलटो केलंस मा?"

"केलंय."

"मग झाला तर," ती म्हणाली, फोटो माझ्या हातात दिला आणि पुढचा मासा घेतला.